ग्लायडर प्रतिकृती, उतार-विहारी
ग्लायडर प्रतिकृती, उतार-विहारी : डोंगराच्या वाऱ्यासमोरील उतारावरून वर चढणाऱ्या हवेच्या आधाराने उडणारी, एंजिन नसलेली आणि जमिनीवर उभ्या असलेल्या व्यक्तीने रेडिओ तरंगांच्या साहाय्याने नियंत्रित करावयाची लहान विमानाकृती. तिचा पंखविस्तार सामान्यतः १ ते ३ मी. व वजन ०·५ ते ४ किग्रॅ. असते. ‘प्रतिकृती’ हा शब्द येथे काहीसा फसवा आहे. यांतील बहुसंख्य ग्लायडर कोणत्याही मोठ्या विमानाची नक्कल नसतात. लहान आकारमान व कमी वेग यांना अनुरूप असा त्यांचा आराखडा स्वतंत्रपणे केलेला असतो. सपाट मैदानावर उडवावयाच्या ग्लायडरला उंचीवर नेण्यासाठी लांब दोरी, रबरी दोर किंवा चक्री यांची गरज लागते. उतारावर मात्र हाताने फेकणे पुरते, म्हणून साधनांच्या दृष्टीने हा छंद सोपा व कमी खर्चाचा मानला जातो. पण हाताने फेकलेला ग्लायडर काही सेकंदांतच दरीवर, पायथ्यापासून शंभर-दोनशे मीटर उंचीवर असतो. बांधणीतील किंवा समतोलातील चूक तेथे सुधारता येत नाही. यामुळे पहिल्या उड्डाणाचा निकाल बव्हंशी घरातील मेजावरच लागलेला असतो.

तत्त्व : स्थिर हवेत कोणताही ग्लायडर सतत खाली येत असतो. पुढे जाण्यासाठी लागणारी ऊर्जा तो स्वतःची उंची खर्चून मिळवितो. सेकंदाला १० मी. वेगाने पुढे जाणारा एखादा ग्लायडर दर १० मी. अंतरास १ मी. खाली येत असेल, तर ५० मी. उंचीवरून सोडल्यावर तो सु. ५० सेकंदांत जमिनीस टेकेल. वारा डोंगरावर येऊन आदळला म्हणजे हवेला पुढे वाट राहत नाही आणि ती उताराला धरून वर वळते. ३०° चढाच्या उतारावरून सेकंदाला ८ मी. वेगाने वाहणाऱ्या हवेच्या वेगाचा उभा घटक सेकंदाला ४ मी. भरतो. उतारापासून दूर जावे तसा तो घटत जातो. तो निम्माच धरला, तरी सेकंदाला २ मी. उरतो, म्हणजे वर सांगितलेल्या ग्लायडरच्या उतरण्याच्या त्वरेच्या दुप्पट. असा ग्लायडर सभोवतालच्या हवेच्या संदर्भात खालीच येत असतो; जमिनीच्या संदर्भात मात्र तो सेकंदाला १ मी. वर चढतो. वारा आहे आणि ग्लायडर त्या पट्ट्यात आहे, तोवर उड्डाणाला कालमर्यादा नसते. मर्यादा पडते ती विद्युत् घटमालेची आणि उडविणाऱ्याच्या डोळ्यांची.

हा वर चढणारा प्रवाह सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पावसाळ्यात डोळ्यांनी पाहता येतो. नाणेघाटात कड्यावरून पडणारे पाणी वाऱ्याच्या जोराने उलटे वर फेकले जाते. पंख न हालविता कड्यासमोर एकाच ठिकाणी तरंगत राहणारी घारही याच हवेवर विसंबून असते.

सर्वच डोंगर या कामी सारखे नसतात. वाऱ्याला आडवी पसरलेली लांब सोंड उत्तम. एकट्या शंक्वाकृती टेकडीला हवा दोन्ही बाजूंनी वळसा घालून निघून जाते व वर फारशी चढत नाही. वाऱ्याच्या दिशेने खोलगट झालेला उतार हवा गोळा करतो, त्यामुळे तेथे उत्थान अधिक मिळते. वारा उताराला काटकोनात यावा. तो ३०° हून अधिक तिरका झाल्यास उत्थान झपाट्याने घटते. समोर एखादी दुसरी टेकडी किंवा दाट झाडी असल्यास हवा विस्कळीत होऊनच उतारापर्यंत पोहोचते. सर्वांत महत्त्वाचा भाग माथ्याच्या पाठीमागचा. माथा गोलसर असेल, तर हवा त्याला चिकटून पुढे जाते. तो तुटक कड्यासारखा असेल, तर प्रवाह जमिनीपासून सुटतो आणि माथ्यामागे आडव्या अक्षाभोवती फिरणारा मोठा भोवरा तयार होतो. त्यात हवा काही ठिकाणी खाली, तर जमिनीलगत चक्क उलट्या दिशेने वाहते. उतारावर मोडणाऱ्या ग्लायडरांपैकी पुष्कळसे समोरच्या दरीत पडून मोडत नाहीत. ते या मागच्या भोवऱ्यात सापडलेले असतात.

इतिहास : डोंगरउताराचा उपयोग मानवी उड्डाणाच्या आरंभापासून झालेला आहे. जर्मनीत ओटो लीलिएनटाल यांनी १८९१ ते १८९६ या काळात टेकड्यांवरून अनेक विसर्पणे केली व अशाच एका उड्डाणात झालेल्या अपघाताने १८९६ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. उतारावरील वाऱ्यावर खऱ्या अर्थाने तरंगत राहण्याचा पहिला ठळक विक्रम ऑर्व्हिल राइट यांनी २४ ऑक्टोबर १९११ रोजी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातील किल डेव्हिल हिल्स येथे केला. ९ मिनिटे ४५ सेकंदांचे हे उड्डाण जवळजवळ दहा वर्षे अबाधित राहिले. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीतील एंजिनयुक्त विमानांवर निर्बंध आल्यामुळे तेथील तरुण अभियंत्यांचे लक्ष ग्लायडरकडे वळले. १९२० पासून ऱ्होन पर्वतातील ९५० मी. उंचीच्या वासरकुप्पे या डोंगरावर वार्षिक स्पर्धा भरू लागल्या आणि १९२२ मध्ये ‘व्हँपायर’ या ग्लायडरमधून तेथे प्रथम एक तासाहून अधिक व काही दिवसांतच तीन तासांहून अधिक काळ उड्डाण झाले.

प्रतिकृतींच्या बाबतीत अडचण निराळी होती. आत वैमानिक नसल्याने ग्लायडर वाऱ्यासमोर तोंड करून राहत नसे. जरा वळला की वारा त्याला डोंगरावर आणून आपटे. मध्य यूरोपातील हौशी मंडळींनी यावर एक चतुर तोड काढली. नाकात बसविलेला चुंबक होकायंत्राच्या सूचीप्रमाणे दिशा धरून राही व त्याला जोडलेले लहान सुकाणू ग्लायडरला पुनःपुन्हा त्याच दिशेवर आणी. ही पद्धत आजही आंतरराष्ट्रीय स्पर्धांत एक स्वतंत्र वर्ग म्हणून टिकून आहे. रेडिओ नियंत्रणाचे आरंभीचे यशस्वी प्रयोग १९३७ च्या सुमारास झाले. त्या वर्षी अमेरिकेत वॉल्टर व विल्यम गुड या बंधूंनी उडविलेले ‘गफ’ हे एंजिनयुक्त प्रतिकृती-विमान वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय विमान व अवकाश संग्रहालयाच्या संग्रहात आहे. निर्वात नलिका व जड घटमाला यांमुळे त्या काळातील यंत्रणा लहान ग्लायडरला पेलत नसे. ट्रँझिस्टर आल्यावर वजन उतरले, तरी पुष्कळ वर्षे नियंत्रण एकाच सुकाणूपुरते व तेही पूर्ण डावे, मध्य किंवा पूर्ण उजवे एवढेच असे. दांडी जितकी हालवावी त्याच प्रमाणात सुकाणू हालविणारी यंत्रणा १९६० नंतरच्या दशकात प्रचारात आली आणि मगच उतार-विहार हा सामान्य हौशी माणसाच्या आवाक्यातील खेळ झाला.

आराखडा : पंखाभोवतालच्या प्रवाहाचे स्वरूप ज्या रेनल्ड्झ अंकावरून ठरते, तो वेग व पंखाची रुंदी यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. २० सेंमी. रुंद पंख सेकंदाला १० मी. वेगाने जाताना हा अंक सु. १,३०,००० असतो, माणूस वाहून नेणाऱ्या ग्लायडरच्या बाबतीत तो दहा ते वीस लाखांच्या घरात जातो. कमी अंकाला हवेचा पातळ थर पंखाच्या पृष्ठापासून लवकर सुटतो. म्हणूनच मोठ्या ग्लायडरचा पंखच्छेद जसाच्या तसा लहान करून वापरल्यास निराशा पदरी येते. जर्मनीतील रिखार्ट एप्लर, अमेरिकेतील मायकेल सेलिग इत्यादींनी अशा कमी वेगांसाठी खास पंखच्छेद तयार केले असून हौशी बांधणारे ते सर्रास वापरतात. स्वतःचा पंखच्छेद डोळ्यांच्या अंदाजाने काढण्याचा मोह नवशिक्याने धरू नये.

पुढील विवेचनासाठी पंखविस्तार १·८ मी., पंखाची रुंदी २० सेंमी. व वजन १ किग्रॅ. असा एक मध्यम ग्लायडर गृहीत धरला आहे. त्याच्या पंखाचे क्षेत्रफळ ३६ चौ. डेसिमी. असून प्रत्येक चौ. डेसिमी.वर सु. २८ ग्रॅ. भार येतो. या भारावरून तरंगत राहण्याचा किमान वेग सेकंदाला सु. ७ मी. निघतो. त्याखाली उतरल्यास पंखावरील प्रवाह सुटतो, उत्थापक प्रेरणा एकाएकी ढासळते व ग्लायडर नाक खाली टाकतो किंवा एका पंखावर कोसळतो. या अवस्थेस स्टॉल म्हणतात. हलका ग्लायडर मंद वाऱ्यात उडतो, पण जोराच्या वाऱ्यात पुढे सरकू शकत नाही व मागे ढकलला जातो. भारी ग्लायडरचे याच्या उलट. वेग हा भाराच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढत असल्याने ३०० ग्रॅ. शिसे गुरुत्वमध्यापाशी ठेवल्यास सर्व वेग सु. १४ टक्क्यांनी वाढतात. वारा पाहून असे वजन घालण्याची व काढण्याची सोय धडात मुळातच करून ठेवणे चांगले.

केवळ सुकाणू व एलेव्हेटर यांवर चालणाऱ्या ग्लायडरचे पंख टोकांकडे स्पष्टपणे वर उचललेले असावे लागतात. पंखांच्या मागील कडेला एलेरॉन बसविल्यास हा कोन प्रत्येक बाजूस दोन-तीन अंशांपर्यंत कमी करता येतो व खळबळाट असलेल्या हवेत ग्लायडर अधिक तत्परतेने सावरता येतो. उतारासाठी एलेरॉन असलेला आराखडाच अधिक सोयीचा.

बांधणी : पारंपरिक बांधणीत दक्षिण अमेरिकेतून येणारे बाल्सा लाकूड मुख्य असते. त्याची घनता घ.मी.स सर्वसाधारणपणे १०० ते २०० किग्रॅ. असते व एकाच गठ्ठ्यातील पट्ट्यांत दुपटीपर्यंत फरक आढळतो. म्हणून बांधणीस आरंभ करण्यापूर्वी प्रत्येक पट्टी तोलून पहावी. घट्ट पट्ट्या पंखाच्या मुख्य तुळईसाठी, मध्यम धडासाठी व सर्वांत हलक्या पुच्छासाठी राखाव्यात. ही निवड फुकट असते आणि नंतर कितीही खर्च करून तिची भरपाई होत नाही.

पंख पूर्णाकृती नकाशावरच बांधतात. नकाशा सपाट पाटावर ताणून बसवून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक पसरतात, म्हणजे सरस कागदाला चिकटत नाही. प्रथम खालची तुळई टाचण्यांनी बसवून तिच्यावर ५–६ सेंमी. अंतरांनी फासळ्या उभ्या करतात व वरून दुसरी तुळई बसवितात. उड्डाणात पंख वर वाकू पाहतो. त्या वेळी वरची तुळई दाबली जाते व खालची ताणली जाते. दोहोंमध्ये उभ्या तंतूंच्या बाल्साचे पातळ पडदे चिकटविले म्हणजे त्या एकमेकींवरून सरकत नाहीत आणि इमारतीतील लोखंडी तुळईसारखी मजबुती येते. पडदे न घातलेला पंख मेजावर भक्कम वाटतो, पण जोराच्या सुरकांडीनंतर नाक वर घेताना तो मध्यावर दुमडतो. अग्रधारेपासून तुळईपर्यंतचा भाग वरून व खालून १·५ मिमी. बाल्साच्या पत्र्याने मढविल्यास बंद नळीसारखी रचना होते व ती पिळाला विरोध करते. दोन्ही अर्धपंख पोलादी किंवा कार्बनतंतूच्या सळईने जोडतात, म्हणजे प्रवासात ते वेगळे करता येतात.

पंखातील पीळ हा या कामातील सर्वांत घातक दोष होय. एका पंखाची पश्चधार टोकाकडे तीन-चार मिमी. खाली वळली असेल, तर तो पंख अधिक उचलला जातो व ग्लायडर सतत दुसऱ्या बाजूस कलतो. वेग बदलला की हा कल बदलतो, म्हणून नियंत्रण फळ्या थोड्या वळवून त्यावर कायमचा इलाज होत नाही. पंख पाटावरून सरस पूर्ण वाळल्याशिवाय उचलू नये. तयार पंख एक-दीड मीटर अंतरावरून मागील बाजूने पाहिल्यास पीळ सहज नजरेत भरतो. आच्छादनासाठी पूर्वी पातळ कागद व डोप हे रोगण वापरीत. हल्ली उष्णतेने आकसणारी पॉलिएस्टर पटले लहान इस्त्रीने चिकटवितात. उरलेला किंचित पीळ पंख उलट दिशेने पिळून धरून पटल पुन्हा तापविल्याने काढता येतो. वरच्या व खालच्या पृष्ठांचे रंग एकमेकांपासून अगदी भिन्न असावेत. दोनशे मीटरांवर ग्लायडर येतो आहे की जातो आहे, हे पुष्कळदा केवळ रंगावरूनच कळते; तेथे शोभेचा प्रश्न नसतो.

धडाचा पुढील भाग प्रत्येक उतरणीत मार खातो, म्हणून तेथे बाल्साला आतून पातळ प्लायवुडचे अस्तर लावतात. पुच्छाच्या बाबतीत उलट धोरण ठेवावे लागते. ग्लायडरचे नाक आखूड व शेपटी लांब असल्याने पुच्छातील जादा वजनाची किंमत अनेक पटींनी मोजावी लागते. पुच्छ गुरुत्वमध्याच्या मागे ७५ सेंमी. व नाकातील शिसे पुढे २५ सेंमी. असेल, तर पुच्छात वाढलेल्या १० ग्रॅ. साठी नाकात ३० ग्रॅ. शिसे भरावे लागते. म्हणजे एकूण वजन ४० ग्रॅमनी वाढते. बिजागऱ्यांवर चोपडलेला जादा सरसही येथे हिशेबात धरावा लागतो.

बाल्साखेरीज गरम तारेने कापलेल्या फेसयुक्त प्लॅस्टिकाचे पंखही पुष्कळ वापरले जातात. प्रसारित पॉलिप्रोपिलीन हे रबरासारखे लवचिक असून आपटल्यावर बहुधा मूळ आकारावर येते. १९९० नंतरच्या दशकात यापासून केलेले, पुच्छ नसलेले उडते पंख अमेरिकेतील व ब्रिटनमधील उतारांवर फार लोकप्रिय झाले. ज्याला जवळपास शिकविणारे कोणी नाही, त्याने पहिला ग्लायडर याचाच करावा व बाल्साचा ग्लायडर दुसरा म्हणून हाती घ्यावा, हा क्रम शहाणपणाचा ठरतो.

रेडिओ यंत्रणा : हातातील प्रेषकाच्या दांड्यांची स्थिती सांकेतिक रूपात प्रक्षेपित होते व ग्लायडरमधील ग्राही ती उलगडून सर्व्हो या छोट्या चलित्रांकडे पाठवितो. परंपरागत पद्धतीत प्रत्येक सर्व्होला सेकंदाला सु. ५० विद्युत् स्पंद मिळतात. स्पंद १·५ मिलिसेकंदाचा असेल, तर सर्व्होची भुजा मध्यावर राहते. १ व २ मिलिसेकंदांना ती दोन टोकांकडे जाते. भुजेपासून नियंत्रण फळीपर्यंत बारीक सळई गेलेली असते. ही सळई दाबाखाली वाकता कामा नये. ती वाकत असेल, तर जमिनीवर बरोबर हालणारा एलेव्हेटर वेगात हालत नाही.

पूर्वी २७, ३५ किंवा ७२ मेगॅहर्ट्झच्या आसपासच्या ठराविक कंप्रता वापरीत. एकाच कंप्रतेचे दोन प्रेषक एकाच उतारावर चालू झाले की एक ग्लायडर हमखास पडे. यासाठी ब्रिटनमधील मंडळींनी कपडे वाळत घालण्याच्या चिमट्यांवर कंप्रतेचे क्रमांक लिहून ते एका फळीवर लावण्याची पद्धत पाडली होती. ज्याच्याजवळ चिमटा, त्यानेच प्रेषक चालू करावयाचा. २००५ नंतर २·४ गिगॅहर्ट्झ पट्ट्यातील, कंप्रता आपोआप वाटून घेणारी यंत्रणा आली आणि ही चिंता जवळजवळ संपली. तथापि या कंप्रतेचे तरंग जमीन व ओले झाड यांतून नीट जात नाहीत. ग्लायडर माथ्याखाली गेल्यास उडविणाऱ्याने कड्याशी येऊन तो दृष्टीत ठेवला पाहिजे.

समतोल : सर्व सामान जागच्या जागी बसविल्यावर ग्लायडर दोन बोटांवर पंखांखाली तोलून पाहतात. पहिल्या उड्डाणासाठी गुरुत्वमध्य अग्रधारेपासून पंखाच्या रुंदीच्या ३० ते ३३ टक्के अंतरावर, म्हणजे गृहीत धरलेल्या ग्लायडरमध्ये ६ ते ६·५ सेंमी. मागे असावा. तो पुढे असल्यास ग्लायडर सुस्त पण सुरक्षित राहतो. प्रमाणाबाहेर मागे असल्यास एलेव्हेटरचा किंचित स्पर्शही त्याला उधळवितो व तो सावरण्यापूर्वीच जमिनीवर येतो. नाकात शिसे भरण्याचे पुष्कळांच्या जिवावर येते, कारण वजन कमी राखण्यासाठी आठवडेच्या आठवडे खटपट केलेली असते. तरीही येथे काटकसर करू नये. जड झालेला ग्लायडर उडतो, शेपटीकडे झुकलेला उडत नाही.

एलेव्हेटरची हालचाल वर-खाली ८ ते १० मिमी. पुरते. एलेरॉन वर १२ मिमी. जात असेल, तर खाली ६ मिमी.च जावा, अन्यथा वळताना खाली गेलेल्या एलेरॉनचा रोध नाक उलट बाजूस ओढतो. हालचालीच्या दिशा मोठ्याने बोलून तपासाव्यात. ग्लायडरच्या मागे उभे राहून दांडी उजवीकडे नेली असता उजवा एलेरॉन वर गेला पाहिजे. उलट्या जोडलेल्या एलेरॉनने नवा ग्लायडर गमावल्याची उदाहरणे जवळजवळ प्रत्येक मंडळात सापडतात आणि त्यांत अनुभवी लोकही असतात.

पहिले उड्डाण : यासाठी दिवस निवडून घ्यावा. वाऱ्याचा वेग ताशी २० ते ३० किमी., दिशा उताराला काटकोनात, समोर गवताळ उतार आणि मागे मोकळी सपाटी असावी. याहून मंद वारा अधिक सुरक्षित वाटतो, पण ते खरे नाही. त्यात ग्लायडर चढत नाही व उडविणाऱ्याला विचार करण्यास वेळ उरत नाही. एक दिवस आधी मैदानावरील उंच गवतात हाताने फेकून सरळ विसर्पण पाहून घ्यावे. उतारावर पोहोचल्यावर प्रेषकाची शक्ती चाचणीपुरती कमी करून तीसेक पावलांवरून सर्व फळ्या हालतात की नाही ते पहावे, घटमालेचा दाब मोजावा आणि काही मिनिटे नुसते उभे राहून वाऱ्याच्या लाटा अनुभवाव्यात. मूठभर गवत उडवून दिल्यास ते वर जाते की मागे लोळते, यावरून बरेच कळते.

फेकण्याचे काम शक्यतो दुसऱ्याने करावे, म्हणजे उडविणाऱ्याचे दोन्ही हात प्रेषकावर राहतात. फेक वाऱ्यात सरळ, जोरदार व क्षितिजसमांतर किंवा नाक किंचित खाली अशी असावी. ग्लायडर वर फेकणे ही सहजप्रवृत्ती असली, तरी त्यामुळे वेग संपतो व स्टॉल ओढवतो. सुटल्यानंतर पहिले काम उंची मिळविण्याचे नसून डोंगरापासून दूर जाण्याचे असते. ३० ते ५० मी. पुढे गेल्यावर उत्थान आपोआप हाती येते. त्यानंतर ग्लायडर उताराला समांतर आणून माथ्याच्या लांबीवर ये-जा करू द्यावा. प्रत्येक टोकाचे वळण डोंगराकडे पाठ फिरवून, वाऱ्याच्या दिशेने घ्यावयाचे. अशाने मार्ग लांबट इंग्रजी आठच्या आकड्यासारखा होतो. डोंगराकडे घेतलेल्या वळणात वाऱ्याचा वेग ग्लायडरच्या वेगात मिसळतो व क्षणार्धात तो माथ्यामागील भोवऱ्यात जाऊन पडतो.

नवशिक्याची दोन बाबतींत हटकून फसगत होते. वाऱ्याबरोबर जाणारा ग्लायडर जमिनीच्या संदर्भात फार वेगाने जाताना दिसतो. तो मंद करण्यासाठी एलेव्हेटर ओढला जातो. हवेच्या संदर्भातील वेग मात्र मुळातच बेताचा असल्याने ग्लायडर स्टॉल होतो. दुसरे असे की, ग्लायडर उडविणाऱ्याकडे तोंड करून येत असताना डावे-उजवे उलट भासते. यावर जुना व खात्रीचा उपाय म्हणजे जो पंख खाली झुकलेला दिसेल, त्याच बाजूला दांडी न्यावी, जणू काही तिने त्या पंखाला टेकू द्यावयाचा आहे.

पुरेशी, निदान ५० मी. उंची मिळाल्यावर प्रेषकावरील सूक्ष्म समायोजनाने ग्लायडर हात न लावता सरळ जाईल असा करावा. त्यानंतर गुरुत्वमध्याची चाचणी घेता येते. ३० ते ४५ अंशांची सुरकांडी मारून दांडी मोकळी सोडावी. नाक झपाट्याने वर आल्यास गुरुत्वमध्य पुढे आहे, सुरकांडी आणखी तीव्र होऊ लागल्यास तो धोक्याइतका मागे आहे, आणि ग्लायडर सावकाश सावरत असल्यास तो योग्य जागी आहे. पहिल्या दिवशी नाक वर येणेच इष्ट. शिसे पाच-पाच ग्रॅमनी काढणे पुढच्या उड्डाणांवर सोपवावे.

उतरविणे : उड्डाणातील सर्वांत अवघड भाग हाच. गोलसर माथ्यावर ग्लायडर वाऱ्याला आडवा आणून माथ्यामागे थोडा नेतात, शेवटचे वळण वाऱ्यात घेतात व वेग न सोडता जमिनीलगत आणतात. जमिनीजवळ घर्षणामुळे वारा मंद असतो. त्या थरात शिरताच हवेच्या संदर्भातील वेग एकदम घटतो, म्हणून नेहमीपेक्षा थोडा अधिक वेग राखणे अगत्याचे असते. तुटक कड्यावर मागच्या बाजूस उतरण्याचा प्रयत्न करू नये. तेथे माथ्याखालील उतारावर, वर चढत्या दिशेने ग्लायडर अलगद टेकविणे हाच मार्ग उरतो. उतरण्याची जागा पहिल्या फेकीपूर्वीच पायी फिरून ठरवावी. कुत्री, गुरे, पायवाटेने जाणारी माणसे यांच्या डोक्यावरून ग्लायडर नेऊ नये; एक किलोग्रॅमची वस्तू ताशी ५० किमी. वेगाने लागल्यास गंभीर इजा होते. उतारावर पॅराग्लायडर आल्यास प्रतिकृतीने तत्काळ बाजूस व्हावे किंवा उतरावे.

स्पर्धा व वेग : आंतरराष्ट्रीय वैमानिकी महासंघाच्या नियमांनुसार उताराच्या कडेला १०० मी. अंतरावर दोन सीमा आखून त्यांमधील दहा खेपा म्हणजे १ किमी. अंतर कमीत कमी वेळात कापण्याची शर्यत घेतली जाते. यातील ग्लायडरचे वजन ५ किग्रॅ. पेक्षा अधिक असू शकत नाही. जोराच्या वाऱ्यात कसलेले स्पर्धक हे अंतर ४० सेकंदांच्या आत कापतात. या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०१२ मध्ये जर्मनीतील र्‍यूगेन बेटावर झाली.

गंमतीचा भाग असा की, ज्या माथ्यामागील भागाला नवशिक्याने भ्यावयाचे, त्याचाच काही निष्णातांनी उपयोग करून घेतला आहे. माथ्यावरून जाणारी वेगवान हवा व त्यामागील निवांत हवा यांमधील सीमा वर्तुळाकार मार्गाने वारंवार ओलांडल्यास प्रत्येक फेरीत ग्लायडरला वेग मिळत जातो. समुद्रावरील अल्बट्रॉस पक्षी असेच उडतो आणि लॉर्ड रॅली यांनी वाऱ्याच्या वेगातील फरकावर आधारलेल्या अशा विहाराचे विवेचन १८८३ मध्येच केले होते. कॅलिफोर्नियातील एका डोंगरावर २०२१ मध्ये या पद्धतीने एंजिन नसलेल्या प्रतिकृतीने ताशी सु. ८८२ किमी. वेग गाठला. असे ग्लायडर कार्बनतंतूंचे व अत्यंत मजबूत असतात; बाल्साचा पंख अशा फेऱ्यांत टिकत नाही.

भारतातील परिस्थिती : सह्याद्रीचा पश्चिमाभिमुख कडा आणि त्याला मिळणारे पश्चिमेचे वारे पाहता महाराष्ट्रात या छंदाला अनुकूल भूगोल आहे. मात्र मुख्य कडा बहुतेक ठिकाणी शेकडो मीटर तुटलेला असल्यामुळे उत्थान जोरदार मिळाले, तरी माथ्यावर भोवरा असतो आणि खाली गेलेला ग्लायडर परत मिळण्याची आशा नसते. पावसाळ्यात ढगही माथ्यावरच टेकतात. मावळातील कामशेतसारख्या, पॅराग्लायडिंगसाठी प्रसिद्ध असलेल्या भागातील कमी उंचीचे गवताळ उतार व उन्हाळ्यातील दुपारनंतरचा पश्चिम वारा हे शिकण्यास अधिक योग्य होत. २०२१ च्या ड्रोन नियमांत केवळ शिक्षण, संशोधन, आराखडा, चाचणी किंवा करमणूक यांसाठी दृष्टीच्या टप्प्यात उडविल्या जाणाऱ्या व २५ किग्रॅ. पेक्षा अधिक वजन नसलेल्या दूरनियंत्रित प्रतिकृतींचा वेगळा वर्ग मानलेला असून त्यांना प्रकार-प्रमाणपत्राची अट नाही. तथापि याच नियमांखालील नकाशात तांबड्या व पिवळ्या रंगांनी दाखविलेल्या हवाई क्षेत्रांत पूर्वपरवानगी आवश्यक असते. पुण्याच्या परिसरात विमानतळ व लष्करी क्षेत्रे असल्याने तेथील टेकडीवर जाण्यापूर्वी हा नकाशा पाहणे जरूर आहे.